तळपायाचा चिमटा

माधवनगरच्या गिरणीजवळ परवान्याचं अफूचं दुकान होतं. त्या दुकानदाराला एखादा शब्द दोनदा म्हणायची खोड होती. पाळीवर जाताना बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन झोपवतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बाई आली की तो आधी चप्पल काढून स्वतःच्या तळपायाला चिमटा काढून दाखवायचा. "पोराला असं करून बग. रडलं तर झोप. न्हाई रडलं तर गुंगी, गुंगी. मग लाजू नगंस, दवाखान्यात पळ."

पुढं बंदी आली आणि दुकान गेलं. मी शाळामास्तर, बंदीच्या बाजूनं भाषणं करणारा. तो मात्र पाळी सुटताना गिरणीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसू लागला. मला राग आला.

"आता कशाला बसता? अफू बंद झाली."

"दुकान बंद झालं, मास्तर. दुकान."

तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. पोराला काही देतेस का, मी विचारलं.

"न्हाई वं मास्तर. आता बंदी हाय न्हवं?"

एवढं बोलून ती लिंबाखाली गेली, त्याच्यापुढं बसली आणि पदराची गाठ सोडून तिनं चोरून घेतलेली गोळी त्याच्या हातावर ठेवली. "ह्यातली किती दिऊ?"