चौदा तासांचं माप

करीमचाचा शिंपी पहिल्यांदा शाळेत आले ते गळ्यात टेप घालूनच. आमच्या तेर गावात त्यांना टेपेशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणाले, "गुरुजी, तो पृथ्वीचा गोळा द्या जरा. पोरगी किती लांब गेली ते मोजायचंय." त्यांची एकुलती एक रुबीना लग्न होऊन टोरांटोला गेली होती.

मी शहाणपणानं भिंतीवरच्या नकाशात दिल्लीपासून टोरांटोपर्यंत आडवी रेघ दाखवली. चाचांनी गोळ्यावर टेप ताणली, तर ती थेट वरच्या बर्फातून गेली आणि अंतर कितीतरी कमी भरलं. "माप कागदावर घ्यायचं नसतंय गुरुजी, अंगावर घ्यायचं असतंय." भूगोल मी वीस वर्षं शिकवत होतो. मी गोळा पुसून जागेवर ठेवला.

पुढं तो प्रवास त्यांना तोंडपाठ झाला. टोरांटो ते दिल्ली चौदा तास, मग हैदराबाद, मग गाडीनं तेर. सगळा मिळून ते दीड दिवस धरत. मी म्हणायचो, जास्त धरता. "आत कापड ठिवावं लागतंय. माणूस वाढतंय, तसा येळबी वाढतो." सदरा कुणाचाही असो, शिवणीत ते दोन बोटं कापड जादा सोडत. पोट सुटलं तरी माझे सदरे त्यामुळंच चालले.

चाची एका सकाळी गेल्या. रुबीना लगेच निघाली, पण मयत दीड दिवस कोण ठेवणार? त्याच दिवशी उन्हं उतरताना, असरच्या नमाजानंतर दफन झालं. आईचं तोंड दिसेल म्हणून आलेली पोर रिकाम्या घरात उभी राहिली, तेव्हा चाचांना तिच्याकडं बघवेना. ती परत गेल्यावर ते माझ्याकडं आले.

"माझ्या येळंला कबरीवर मिट्टी पडल्यावरच तिला फोन करा. चौदा तास आस लावून बसाया नको लेकरानं. तुमीच करा गुरुजी, घरच्यांस्नी जमायचं न्हाय."

मी शब्द दिला.

मागच्या वर्षी मशीनवर बसल्या बसल्याच चाचा गेले. रुबीनाला लगेच कळवू म्हणणाऱ्या त्यांच्या भावांना मी गप्प बसवलं. दुपारभर हात फोनकडं जात होता, पण कब्रस्तानातून परतल्यावरच रुबीनाला सांगितलं.

ती तिसऱ्या दिवशी पोचली. अब्बांनी तिच्यासाठी शिवून ठेवलेला कुर्ता मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "गुरुजी, इतका उशीर का केला?" मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ शिवण चाचपत राहिली.

"अम्मीच्या वेळी विमानात मी रडले न्हाय, गुरुजी. तोंड दिसंल वाटत होतं. चौदा तास अम्मी होती मला. अब्बा तर फोनवरच संपले."

कुर्त्याच्या शिवणीत दोन बोटं कापड जादा होतं. मी मात्र त्या पोरीसाठी काहीच आत ठेवलं नव्हतं.