पहिल्या हाकेला ओ

"भावजी, हाक मारून तुमी कुठं गेलात? हे दारातच पडल्यात…" वसंता गेल्याची बातमी मला अशी कळली. फोनवर त्याची बायको होती, आमच्या वहिनी. मी तर भोरच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या घरी दिवेलागणीचा चहा पीत बसलो होतो. हाक मी मारलीच नव्हती, आणि गडबडीत तसं बोलूनही गेलो. पलीकडे वहिनींनी फोनच ठेवला. पुढे डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. पण वहिनींनी स्वयंपाकघरातून त्याचं "ओ, आलो" ऐकलं होतं. ती ओ कुणाला दिली, हे काही डॉक्टर सांगू शकले नाहीत.

वसंता आणि मी एकाच शाळेतले मास्तर. त्याला सिनेमाचं अफाट वेड. चित्रपट नुकते बोलायला लागले, तेव्हाच्या एका परदेशी भयपटावर त्याचा भारी जीव. जगाने तो उगाच डोक्यावर घेतलाय, हे माझं मत आजही कायम आहे. पीठ फासलेला मुडदा, धुकं म्हणून सोडलेला धूर, आणि एकेक वाक्य बोलून थांबणारे नट! "पुढचं वाक्य विसरलेत रे ते," मी म्हणायचो. तो चिडायचा. "अरे, मागे संगीत नाही, काही नाही. त्या शांततेला कान दे जरा."

एकदा हट्टाने त्याने तो सासुरवाडीला, हिर्डोशीला, शाळेच्या भिंतीवर दाखवला. संवाद स्वतः मराठीत सांगत होता. मुडदा बघून लोक खो खो हसले, मी खूश. मग बाहेरून कुणीतरी नायिकेला एकच हाक मारतं आणि ती दाराकडे निघते. वसंता म्हणाला, "ती म्हणते, ओ, आले." हसणं जागच्या जागी थांबलं. एक म्हातारी ओरडली, "अगं बाये, पयल्या हाकंला ओ नगं दिऊस!" तिन्हीसांजेनंतर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, पहिली हाक माणसाचीच असेल असं नाही, हे तिथे सगळेच पाळतात. बायकांनी पोरं जवळ ओढली. वसंताचा चेहरा मात्र फुलला होता. तेव्हापासून वहिनींना चिडवायला तो मुद्दाम पहिल्याच हाकेला खणखणीत ओ द्यायचा. "नका हो असं करू," त्या कळवळून म्हणायच्या…

आता मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो की फाटकातून "वहिनी" अशी तीनदा हाक मारतो. तिसरीपर्यंत आतून काही येत नाही. त्या मधल्या शांततेत माझ्या अंगावर काटा येतो. सिनेमा टुकार असला तरी वसंताचं तेवढं खरं होतं. परवा सवयीने तोंडून "वसंता" निघून गेलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या. त्या उंबऱ्याच्या आत, मी बाहेर, दोघंही कान देऊन उभे राहिलो. ओ येऊ नये, असं जीव मुठीत धरून वाटत होतं… आणि एकदा तरी यावी, असंही.