पूजेतल्या यंत्रावरची फळी

ती खंडेनवमी मनातून जात नाही. मी तेव्हा बडोद्यात रावपुऱ्याच्या ठाण्यात फौजदार होतो. राजापूरकडचा माणूस, चौथीतच शाळा सुटलेली. अशाला सरकारने शिपाई म्हणून घेतले, वर चढवले, हे उपकार मी विसरलो नाही. एखादी चूक होऊन सगळे हातचे जाईल, ही धास्ती मात्र कायम पाठीशी असे.

दुपारी गावाबाहेरच्या एका कापडगिरणीचा मुकादम धावत आला. यंत्राच्या पट्ट्यात उपरणे अडकून एक कामगार जागीच गेला होता.

"हा अपघात नाही, फौजदारसाहेब. पट्ट्यापुढची आडोशाची फळी तेलवाल्याने काढली, मी डोळ्यांनी पाहिलं. दोघांचं कालच वाजलं होतं."

पंचनामा केला. यंत्रांवर हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी त्यात नवल नव्हते. यंत्रांना तेल घालणाऱ्या त्या गुजराती माणसाला ताब्यात घेतले. खून ठरला असता तर त्याच्या गळ्याशी येणारे प्रकरण. फळी काढल्याचे त्याने लगेच कबूल केले. का काढली म्हटले, की "आजे तो काढवीज पडे ने!" आज तर काढावीच लागते, एवढेच बोले आणि माझ्याकडे असा बघे, की ही काय विचारायची गोष्ट झाली?

कोठडीत घालण्याआधी जमादाराला बेड्या आणायला सांगितले. तो हलेना.

"साहेब, बेड्या पूजेत आहेत. तलवारी-बंदुकांशेजारी मांडल्यात. उद्या पूजा उतरल्याशिवाय हात कसा लावू?"

"मग ह्याला काय झेंडूच्या माळेनं बांधतोस?"

शिपाई हसले. तेलवाला मात्र पूजेच्या पाटाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तमारेय एवुंज छे, साहेब? पूजा पछी माताजीने पाटियाथी केम ढंकाय?"

तुमच्याकडेही असेच का, असे तो विचारत होता. मी उठलोच. पूजा झालेल्या देवीला फळीआड कोंडायचे कसे, एवढेच त्याचे म्हणणे होते! गिरणीत परत गेलो. सगळ्याच यंत्रांच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. दरवर्षी त्या पूजेला काढत आणि दसरा झाल्यावर लावत. मधल्या वेळात यंत्रे बंद असत, म्हणून आजवर निभावले होते. यंदा ती सुरू कोणी केली? मुकादमाला समोर बसवून हेच पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा तो घाम पुसत बोलला. माल अडला होता, पट्टे त्यानेच चालू करवले होते. हयगयीचा आणि खोट्या खबरीचा गुन्हा त्याच्यावर नोंदला.

तेलवाला सुटला. दाराशी थांबून म्हणाला, "हुं तो छूट्यो, साहेब. आवती नोमे कोण जोशे?"

पुढच्या नवमीला कोण बघणार? वाईट मनाचा माणूस हुडकायची मला सवय. फळ्या काढणाऱ्यांत तसा एकही नव्हता, आणि तरी माणूस गेला. यंत्रांवर नजर ठेवायला माणूस हवा, असे पुढे गिरणीमालकाने म्हटले, तेव्हा मी राजीनामा दिला.

जमादार चिडलाच. "फौजदारी सोडून फळ्या राखणार? आईला काय सांगाल?"

आईला ते कधी नीट सांगता आले नाही. गावी तिच्या तोंडी मी शेवटपर्यंत फौजदारच होतो.

नवमीचे कुंकू आता फळीलाच लागते. पटवायला फार बोलावे लागले. पहिले बोट तेलवाल्याने लावले. दसऱ्याला शहरातून महाराजांची स्वारी निघते. पूर्वी मी तीत गणवेशात चालत असे. बँड लांबून ऐकू आला की अजून पाय ताल धरतात. धावत जावे, निदान कडेला उभे राहून पाहावे, असे वाटते. पण दुसऱ्या दिवशी यंत्रे सुरू व्हायची असतात. मी एकेक फळी हलवून बघत पुढे जातो, आणि शेवटच्या यंत्रापाशी पोहोचेपर्यंत बँडचा आवाज थांबलेला असतो.