पावना कोनाचा

आदिलाबादच्या लॅबवाल्या मॅडम माणसाला कधी आडनाव विचारत नसत. जंतूंची मात्र सात पिढ्यांची चौकशी करत. तपासणीच्या बशीत अनोळखी जंतू उगवला की म्हणायच्या, "पावना आला. कोनाचा आहे, पाहू."

आमची ओळख माझ्या बायकोच्या पायामुळे झाली. शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट तिच्या अंगठ्यात घुसला. जखम भरेना, औषध लागू पडेना. असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले आणि पू तपासायला मॅडमकडे पाठवला.

बायकोनं भेटताच विचारलं, "बाई, आडनाव काय तुमचं?" माणसाला ओसरीत बसवायचं की आत, हे आमच्याकडे या उत्तरावर ठरतं. मॅडम हसल्या. "काकू, हे मी फक्त जंतूंना विचारते." दारावरच्या पाटीवरही तेलुगू रीतीनं आधी एक अक्षर आणि मग नाव, एवढंच होतं.

मशीननं जंतूला नव्वद टक्के जुळणारं एक नाव दिलं. पण त्या नावावरचं औषध तर देऊन झालं होतं. मॅडम रिपोर्टवर सही करेनात. मी हिशोबी माणूस. म्हटलं, "नव्वद टक्के जुळतंय ना?"

"तुमचं घर शेजाऱ्याच्या घरासारखंच आहे. म्हणून तुमची किल्ली लागते का त्याच्या कुलपाले?"

"मग हा कोण?"

"माहीत नाही. तसंच लिहीन. जवळचं नाव चिकटवलं की पुढं कोनी पाहत नाही."

बायको घाबरली. "तुमी नाव शोधत बसान, तवरिक माहा अंगठा जाईन."

"नाव नंतर, काकू. आधी तो मरते कशानं, ते पाहू."

त्यांनी बशीत औषधांच्या टिकल्या ठेवल्या. एका जुन्या औषधाच्या टिकलीभोवती जंतू वाढलाच नाही. तेच सुरू झालं आणि अंगठा वाचला.

मॅडमनी तो जंतू हैदराबादच्या मोठ्या लॅबला पाठवला होता. पुढे तिथून कळलं की हा जंतू कोणत्याच ठाऊक जातीत बसत नाही. मी म्हटलं, "म्हणजे नवी जात." मॅडम म्हणाल्या, "इतक्यात नाही. अजून लय तपासावं लागते. जात ठरवाची घाई माणसंच करतात."

बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला घरी आल्या. बायकोनं त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि तव्यावरची भाकरी वाढली.

"त्या पावन्याचं समजलं का?" तिनं विचारलं.

"नाही अजून. गोठवून ठेवला आहे."

त्या गेल्यावर शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कोन होत्या वं? आडनाव काय?"

"पावनी होती," बायको म्हणाली. "जेवून गेली."