काठोकाठ चहा

समरकंदच्या बाहेर हमरस्त्यावर, पेट्रोल पंप आणि टायरवाल्याच्या मधे एक हॉटेल आहे. नाव 'योल युल्दुझी', म्हणजे वाटेवरचा तारा. हा तारा नावातलाच. दुसरा त्याला अजून कुणी दिलेला नाही. पाटीवर रेगिस्तान चौकातले निळे घुमट रंगवले आहेत आणि खाली 'पाच मिनिटं' असं लिहिलंय. कशाने पाच मिनिटं, ते लिहिलेलं नाही.

तिथल्या नाश्त्याच्या खोलीचा कारभार मुकर्रम ओपाकडे, म्हणजे मुकर्रमताईकडे होता. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, डोक्याला पांढरा रुमाल. आधी ती चहाच्या कारखान्यात पुडे भरायची. कारखाना बंद पडला, मग नवरा गेला, आणि ती हॉटेलात चहाच्या बिनकानाच्या पियाल्या भरायला लागली. मुलगी ओयदिन त्याच हॉटेलात काउंटरवर बसे. पोरगी अठ्ठावीस वर्षांची झाली तरी बिनलग्नाची, याची काळजी मुकर्रमपेक्षा मोहल्ल्यालाच जास्त होती.

पाहुण्याने थांबावं असं वाटत असेल तर पियालीत घोटभरच चहा ओतायचा आणि पुन्हा पुन्हा ओतत राहायचं. काठोकाठ भरली, की 'प्या आणि निघा'. समरकंदमध्ये हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण परदेशी पाहुण्यांनी इंटरनेटवर तक्रारी लिहिल्या, तेव्हा ताश्कंदला राहणाऱ्या मालकाचा फोन आला.

"ओपा, लोक म्हणतात अर्धाच चहा देतात. भरून देत चला."

"भरून दिला तर जातील ना ते."

"जाणारच आहेत हो. दोन रात्री राहतात आणि जातात. तुम्ही भरा."

सुरुवातीला मुकर्रमला प्रत्येक पियालीला अवघडल्यासारखं झालं. मग हाताला सवय लागली, आणि हाताने तिला विचारणं सोडून दिलं.

बेकझोद कर्शीचा. पर्यटकांची बस चालवायचा आणि दर आठवड्याला मुक्कामाला यायचा. किल्ली घ्यायला एखाद्या माणसाला इतका वेळ का लागतो, हे मुकर्रमच्या लगेच लक्षात आलं. किल्ली देणारीलाही घाई नसते, हे जरा उशिरा आलं. पुढे रीतसर बोलणी आली. बेकझोदची आई रोहत आणि मावशी सोजिदा कर्शीहून मागणी घालायला निघाल्या. लग्न ठरण्याआधी मुलीच्या घरी रात्र काढायची नसते, म्हणून दोघी याच हॉटेलात उतरल्या. मुलाला अर्थातच बस देऊन दूर खिव्याला पाठवलं होतं.

रात्री मुकर्रमच्या घरी पुलाव झाला, दोन्हीकडून पोरांचं कौतुक झालं. मुलीकडच्यांनी पहिल्याच बैठकीत हो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मुकर्रम म्हणाली, "विचार करून सकाळी सांगते." विचार तिचा केव्हाच करून झाला होता. समोरच्या दोघी बहिणींनाही हे ठाऊक होतं.

सकाळी नाश्त्याच्या खोलीत जर्मन मंडळींची गर्दी होती. मुकर्रम चहाची किटली घेऊन टेबलांमधून फिरत फिरत रोहतच्या टेबलाशी आली. झोप लागली का, उशी उंच तर नव्हती ना, असं सगळं गोड विचारलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली. रोहतने पियालीत वाकून पाहिलं. मग सोजिदाच्या पियालीत पाहिलं. दोघी उठल्या. रेगिस्तान बघायची घाई असेल, असं मुकर्रमला वाटलं.

थोड्या वेळात ओयदिन आत आली.

"आई, काय म्हणालीस त्यांना?"

"मी? लोणी घ्या म्हटलं."

"मग पासपोर्ट का परत मागताहेत? बेकझोदची आई म्हणते, तुझ्या आईचं उत्तर पोचलं." तिची नजर टेबलावर गेली. "आई! काठोकाठ?"

मुकर्रमने पियालीत वाकून पाहिलं. "हाताने भरला गं."

"हात कुणाचा होता?"

मुकर्रम बाहेर गेली. रोहत बॅगेवर बसली होती, पाहुण्याने बसावं तशी नव्हे.

"रोहत ओपा, इथे सगळ्यांनाच भरून देतो. मालकाचा हुकूम आहे. चला, दाखवते."

"दाखवा," रोहत म्हणाली. "मुलाचं ऐकून इथवर आले, आता तुमच्या मालकाचंही ऐकते."

दोघी बहिणी पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या. शेजारच्या टेबलावर एक जर्मन आजोबा होते. मुकर्रमने त्यांची पियाली नीट काठापर्यंत भरली. आजोबांचा चेहरा पडला. ते दुभाष्याच्या कानाशी लागले.

"ओपा," दुभाष्या संकोचून म्हणाला, "ते विचारताहेत, आमचं काही चुकलं का? भरलेली पियाली म्हणजे काय ते मीच काल त्यांना सांगितलं. खोली रिकामी करू का, म्हणतात."

"जर्मनाला कळलं," सोजिदा म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"जर्मनाला कळतं ते समरकंदच्या बाईला कळत नाही होय?" रोहत म्हणाली.

मुकर्रमने किटली खाली ठेवली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा आवाज आपोआप चढला.

"कळतं. काल रात्री माझ्या घरी कसा ओतला होता, सांगा."

रोहतने पियाली जरा बाजूला सरकवली.

"सांगा ना."

"घोटभर," रोहत म्हणाली. "उठूच देईनात. पाय आखडले माझे."

"घरी मी ओतते. इथे मालक ओततो."

रोहतने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे. मग रोहतने आपली गार झालेली पियाली उचलली, किटलीत रिकामी केली आणि पुढे धरली.

"आता तू ओत. मालकाला म्हणावं, बाहेर थांब."

मुकर्रमने ओतला. अर्ध्याच्या बरंच खाली हात थांबवताना तिला दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागलं. रोहत एका घोटात प्यायली आणि नानसाठी हात लांबवला. त्यांच्या टेबलावरचा केव्हाच उचलला गेला होता, म्हणून तिने आजोबांच्या टेबलावरचा घेतला आणि मागणी पक्की करताना मोडतात तसा सगळ्यांच्या देखत मधोमध मोडला. सोजिदाने "आमीन" म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. दारात उभ्या ओयदिनने हातातले दोन पासपोर्ट पाठीमागे लपवले.

"घ्या, विहीणबाई," रोहत म्हणाली.

नान आजोबांचाच असल्यामुळे एक तुकडा त्यांनाही मिळाला. लग्न ठरलं, असं दुभाष्याने सांगितल्यावर त्यांनी उठून सगळ्यांशी हात मिळवले, टायरवाल्याशीसुद्धा. तो फुकट चहाला आला होता. लग्न कधी आहे, असं त्यांनी विचारलं.

"त्यांना म्हणावं, द्राक्षं निघाली की," रोहत म्हणाली. "आणि तोवर खोली सोडायची नाही."

दुभाष्याने दुसरं वाक्य गाळलं. जर्मनांची बस बुखाऱ्याला सुटायची होती.