चैतू हसतमुख नव्हता

नवऱ्याला मी नावानं हाक मारते. राजदीप. सासूला ते लग्न झाल्यापासून कधी खपलं नाही. "मुडदा बसो तुया! नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली, जीभ झडीन न!" असं त्या अंगणातून ओरडायच्या, आणि मी आतून म्हणायचे, "चुकलं, आई." थोड्या वेळानं पुन्हा "राजदीप!" आणि पुन्हा मुडदा. आमचं घर असंच चाललं होतं. मी अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे लिहिताना शुद्ध लिहिते. डोकं फिरलं की मात्र आमची झाडी बोली बाहेर पडते, हे आधीच सांगून ठेवते.

राजदीपचं सिंदेवाहीत झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याचा एक ब्लॉग आहे. आमच्याकडे वाघानं माणूस मारला की पेपरात दोन ओळी येतात. नाव, वय, मोहाची फुलं वेचायला गेली होती. संपलं. राजदीपला त्याचा फार राग यायचा. "माणूस काय निस्ता मरासाठी जलमते?" म्हणायचा. मग तो गेलेल्याच्या घरी जायचा, अंगणात अर्धा दिवस बसायचा, माणूस कसा होता ते विचारून लिहायचा. पहिल्यांदा त्यानं एका बाईवर लिहिलं. तिला विहिरीत वाकून गाणं म्हणायची सवय होती, आवाज घुमतो म्हणून. ते वाचून मी रडले होते.

पुढे त्याची रीतच पडली. तेरवीला, आमच्या बौद्धांत पुण्यानुमोदनाला, जेवणाआधी कोणीतरी उठायचं आणि मोबाईलवरून राजदीपचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. लोक खाली मान घालून ऐकायचे. वाचून झाल्याशिवाय पंगत बसायची नाही.

पण माणसं जातच राहिली. मोहाच्या दिवसात कोणी, तेंदूपत्त्याच्या दिवसात कोणी, कोणी नुसतं गुरामागे गेलेलं. राजदीपचं अंगणात बसणं कमी झालं. मग फोनवरच विचारायचा, "कसे होते?" लोक म्हणायचे, "चांगले होते." मेलेल्या माणसाबद्दल आमच्याकडे कोणी वाईट बोलत नाही. हा लिहायचा, हसतमुख होते, मनमिळाऊ होते, कष्टाळू होते. शेवटी शेवटी तर जुनंच उचलायचा आणि नाव बदलायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, असं लेहण्यापेक्षा बंद कर न!" तो म्हणाला, "बंद केलं तर थांबणार हाय का वाघ?" खरं सांगायचं तर मीही तशीच झाले होते. पूर्वी बातमी आली की घास उतरायचा नाही. आता विचारायचे, कोणत्या गावचं, आणि भाताचं आधण ठेवायचे.

यंदा मोह पडायला लागला तसा राजदीपनं आईला दम दिला, जंगलात जायचं नाही. गुलाबबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "वाघाले काय माही हाडं चघळाची हायेत?" म्हणाल्या, टोपली घेतली आणि उजाडता उजाडता बायकांसोबत निघून गेल्या.

दुकानात फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडून आमच्या गावचा हरिदास बोलत होता. "राजदीपभाऊ, मोहाखाली... वाघ..." एवढंच म्हणाला. राजदीपनं कागद ओढला आणि रोजच्यासारखं विचारलं, "नाव सांग. वय किती?" हरिदास गप्प झाला. "अरे नाव सांग न," राजदीप पुन्हा म्हणाला. मग त्याचा पेन थांबला.

तो रडला नाही. मीही रडले नाही. माणसं आली, पंचनामा झाला, माती झाली. कोणी गळ्यात पडून रडलं की मी तिला पाणी द्यायचे. माझं काळीज गोठलं होतं म्हणा, नाहीतर मेलं होतं म्हणा, मला काही होतच नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडप भरला. त्रिशरण पंचशील झालं. लोक राजदीपकडे पाहायला लागले. सगळ्यांच्या माणसांवर लिहिणारा, स्वतःच्या आईवर काय लिहितो? तो उठला आणि मोबाईल समोर धरून वाचायला लागला. "गुलाबबाई अत्यंत हसतमुख, मनमिळाऊ व कष्टाळू होत्या." पुढच्या ओळीही त्याच. बसचा कंडक्टर तिकीट विचारतो तशा आवाजात त्यानं ते संपवलं आणि म्हणाला, "हे शेवटचं. उद्या ब्लॉग बंद करून टाकतो."

लोकांनी माना हलवल्या. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हसतमुख? ती बाई? माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसली नाही! पण भरल्या मंडपात काय बोलणार. मी वाढायला घेतलं.

पंगती उठल्यावर शेजारच्या गावची मंगलीबाई राजदीपपाशी येऊन बसली. तिचा नवरा चैतू दोन वर्षांपूर्वी गुरं चारताना गेला. त्याच्यावर राजदीपनं फोनवर विचारूनच लिहिलं होतं. मंगलीबाईला वाचता येत नाही, नात वाचून दाखवते.

"भाऊ, बंद कराच्या आंधी एक काम करता का?" ती म्हणाली. "चैतूवर जे लेहलं, थे बदलता येते का?"

"काऊन? काई चुकलं का?"

"चैतू हसतमुख नव्हता."

राजदीप तिच्याकडे वळून बसला.

"लय आडमुठा होता," मंगलीबाई म्हणाली. "भाजीत मीठ जास्त झालं का दोन दिवस अबोला. जंगलात माह्या पुढं चालाचा, मागं वळून पाहाचा नाई. पण मी मागं पडली का उभा राहाचा. निस्ता उभा. आख्ख्या जिंदगीत एकदा हासला, सरपंचाच्या फटफटीवर बकरी चढली तवा. तेरवीले लोकायसमोर वाचलं, म्हणून मी बोलली नाई. मंग रोज नातीजवळून आयकत गेली. आयकून आयकून आता मले तुमचाच चैतू आठवते, भाऊ. मायावाला आठवाले बसलं तर लय वेळ लागते. एखांद्या दिवशी येतच नाई."

ती रागावली नव्हती. भाव विचारावा तशी बोलत होती. राजदीपचा चेहरा मात्र उतरला. त्यानं मोबाईल काढला, चैतूचं पान उघडलं आणि सगळं पुसून टाकलं. "सांगा," म्हणाला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. मीठ, अबोला, बकरी. मग त्यानं वाचून दाखवलं. "चैतू हसतमुख नव्हता. तो पुढे चालायचा."

मंगलीबाईनं डोळे मिटून ऐकलं. "हव," म्हणाली. "हा माहा." पदर सावरून उठली आणि घरी निघाली.

मंडपवाला खांब काढत होता. राजदीप तिथेच बसून होता. मी खरकटं उचलत होते. त्यानं विचारलं, "हर्षा, आई तुले काय म्हणे गं? तुह्या तोंडून माहं नाव निंघालं का?"

"तुले नाई का माहीत?"

"माहीत हाय. पण आता आठवाले गेलो तर हसतमुखच येते."

बापरे! मी हातातली पातेली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. मुडदा, जीभ, टोपली, वाघाला चघळायची हाडं, लग्नातला फोटो. आईवरचं ते पान त्यानं पुसून टाकलं. बराच वेळ टाइप करत राहिला. मी भांडी घासायला मागे गेले. तिथून त्याचा आवाज ऐकू आला. लिहिलेलं तो स्वतःशीच मोठ्यानं वाचून बघत होता.

"मुडदा बसो तुया! नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली!"

"चुकलं, आई," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं. आणि मग, इतक्या दिवसांनी, मला रडू आलं.