आठ आणि आठ दहा

आठ आणि आठ दहा होतात, हे आमच्या घरातल्या सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा मी डिप्लोमाला होतो. यंत्राच्या असेंब्ली भाषेतला पहिला प्रोग्राम, दोन आकड्यांच्या बेरजेचा, सोमवारी सरांना दाखवायचा होता, म्हणून सरांच्या हातापाया पडून कॉलेजचं मायक्रोप्रोसेसरचं किट घरी आणलं. (ताटाएवढी उघडी पाटी, थोडी बटणं आणि लाल आकडे.) "बिघडलं तर परीक्षेला बसू देणार नाही," सरांनी बजावलं होतं. सेनगावपर्यंत एसटीत मी ते तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन बसलो.

घरी पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात मायनं पूजा उरकली. विहिरीवरची मोटार असो की फवारणीचा पंप, हळदकुंकवाशिवाय आमच्याकडं काही चालू होत नाही! बटणांवर कुंकू, फटींत अक्षता. मी फुंकर मारली, किट पालथं करून झटकलं आणि प्रोग्राम भरला. दोन आणि दोन चार आले! जीव भांड्यात पडला. मग भोवती जमलेल्या अण्णा-काकांसमोर जरा ऐटीत आठ आणि आठ दिले.

आले दहा.

"सोळा व्हतात ना रं?" अण्णांनी हळूच विचारलं. पाच आणि पाच देऊन पाहिले, तर शून्यापुढं इंग्रजी 'ए' उमटला! आता तर ते आकडेच विसरलं होतं. काकांना मात्र काही नवल वाटलं नाही. "असेंब्लीची भाषा हाय म्हणून राहिला ना? मंग बराबर हाय. आमदारांचा हिशोब असाच असतोय."

मी रडकुंडीला येऊन मायवर ओरडलो. ती बिचारी तिथंच देवाला नवस बोलली, "मशीनचं डोकं ठिकाणावर येऊ दे, नारळ फोडीन."

सोमवारी सरांपुढं किट ठेवून हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी आठ आणि आठ दिले, दहा आले, आणि ते हसतच सुटले. हे यंत्र दहावर नाही, सोळावर हातचा धरतं. त्याचं एकावर शून्य म्हणजे आपले सोळा, आणि 'ए' म्हणजे दहा. हे त्यांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं म्हणे.

घरी येऊन मायला खालमानेनं सांगितलं, की मशीन बरोबरच होतं, मलाच कळलं नव्हतं. आता नारळाची गरज नाही.

"काहून न्हाई? डोकं कुणाचं का असंना, ठिकाणावर आलं ना," ती म्हणाली, आणि नारळ माझ्यावरून ओवाळून उंबऱ्यावर फोडला.